मीटर ११४

हॉर्सेन्स, डिसेंबर, सकाळचे आठ.
उजाडायचा पत्ता नाही.
रस्त्याच्या मधोमध झाकण उघडलंय
आणि थोरा लिन्गोर
चाकांवरचा कॅमेरा खाली सोडते आहे,
वायर हातातून सरकवत,
खालच्याला हिसका बसू नये अशी.

मग व्हॅनमध्ये. पडद्यावर गोल अंधार.
बारा मीटर. सांधा ठीक.
तेवीस मीटर. बर्चचं एक मूळ, केसाएवढं.
ती नोंदवत नाही.
केसाला मूळ म्हणायचं नाही, म्हणते, उगाच घाबरतात लोक.

नगरपालिकेची फाइल माझ्या मांडीवर.
पावसाच्या पाण्याचा नळ, वय ब्याण्णव, बदलायचा का?
बदलायचा तर कशाचा?
आणि त्याखाली एक चौकोन :
शाश्वत आहे का? होय / नाही.

माझ्या भाषेत याला दोन शब्द आहेत.
कागदावर शाश्वत, बाजारात टिकाऊ.
शाश्वत म्हटलं की हात आपोआप जुळतात.
टिकाऊ म्हटलं की
वस्तू उलटी करावी, नखानं टोकरावी,
भाव पाडून मागावी.

प्लास्टिकवाला वाइलेहून येऊन गेला काल.
काखेत नमुना, निळा, बासरीसारखा हलका.
खोटं बोलला नाही बिचारा :
एका ट्रकमध्ये इतके मावतात, डिझेल इतकं वाचतं.
थोरानं ऐकून घेतलं. मग त्याला
बंदराजवळच्या गल्लीची गोष्ट सांगितली,
जिथं फ्योर्डचं पाणी खालून चढलं
आणि भराव पुरा पडण्याआधीच
हलका नळ एका रात्रीत
ईल माशासारखा मातीतून वर आला.
वजनाचाही उपयोग असतो, म्हणाली.
स्वतःच्या पोटाकडे बघून हसली.

सिमेंटचं पाप ती झाकत नाही.
तिचा बाप ऑलबोर्गला भट्टीवर होता.
खडू म्हणजे समुद्रातल्या बारक्या जिवांची कवचं,
कोट्यवधी वर्षं श्वास कोंडून पडलेली,
ती आगीत गेली की तो श्वास सुटतो,
परत कोंडता येत नाही.
थोडा येतो, ती म्हणते. नळ म्हातारा होताना
हवेतला कार्बन कातडीत ओढून घेतो,
वर्षाला नखाच्या कडेएवढा.
म्हणजे फिटतं सगळं?
छे! व्याजसुद्धा नाही.

अठ्ठ्याऐंशी. वाळू. थोडं पाणी.
एकशे दोन. कुणाची तरी गोटी.
एकशे चौदा

थांब.

कॅमेरा मान वळवतो.
तळाशी, काँक्रीटमध्ये, चार खळगे आणि एक मोठा,
पुन्हा चार आणि एक,
तिसऱ्या ठिकाणी घसरल्याची रेघ.

मांजर.
ओल्या नळातून आरपार जायला निघालेलं,
यार्डात, साचा नुकताच काढल्यावर,
एकोणीसशे तेहतीसच्या कुठल्याशा रात्री.
उंदरामागे असेल. किंवा उगाच.

मग युद्ध आलं, गेलं. वरून
घोडे गेले, ट्राम नव्हती तरी बस गेली,
ब्याण्णव हिवाळ्यांचं पाणी
या नखांवरून वाहत राहिलं
आणि नखं अजून नखं आहेत.
थोरा पडद्याला बोट लावते.
झिजेचं मोजमाप घ्यायला, ती म्हणते,
याहून चांगली पट्टी माझ्याकडे नाही.

फाइलमधले सगळे तक्ते
नव्या नळाची नव्या नळाशी तुलना करतात.
न बनवलेल्या नळाला रकानाच नाही.
ती समासात लिहिते : राहू द्या.

एकशे एकतीसला मात्र तडा आहे,
खरा, हात जाईल एवढा.
तिथं ती हळहळत नाही, लिहिते :
एक तुकडा, अडीच मीटर, काँक्रीट,
खडी जुन्या पुलाची दळून वापरावी.
तेवढ्यापुरती भट्टी पेटेल.

वायर मागे गुंडाळताना
बाहेर जरासं फटफटलंय.
कॉफी गार.
तिच्या मनात अजून एक अट आहे,
पण ती अहवालात लिहिता येत नाही :
नळ वाळत असेल त्या रात्री
यार्डाचं फाटक किंचित उघडं ठेवा.